तुमचं सोडा, बाकी समदे

देशात कट्टर माणसं किती, असं कुणी विचारलं की अण्णा दोन्ही हात खांद्याच्या उंचीला आणून आडवे पसरायचे. सगळा देश त्यात आला. मग समोर जो उभा असेल त्याला उजव्या हातानं हलकेच बाजूला सारायचे, आमटीतला कढीपत्ता सारावा तसं, आणि म्हणायचे, "तुमचं सोडा. बाकी समदे."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर शोधा, करमणूक चांगली होते.

अण्णा पाणीखात्यात चावीवाले होते. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि तेही आपणहून येत नाही. कुणीतरी छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून यावं लागतं, रस्त्यातलं झाकण उचलून व्हॉल्व्ह फिरवावा लागतो. अण्णांनी उभी नोकरी हेच केलं. त्यामुळे शहरातल्या यच्चयावत जातीधर्मांनी त्यांना शिव्या घातलेल्या होत्या. माणसाचा स्वभाव तहानेच्या वेळी कळतो असं म्हणतात. अण्णांना तो अर्ध्या शहराचा कळला होता आणि त्यांचं मत फारसं बरं झालेलं नव्हतं.

ते रिटायर झाल्यावर आमच्या गल्लीतच बसून असायचे. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला आशावादी राहणं भागच आहे. पाणी यायच्या दिवशी बादल्या लावून झाल्या की आमचा वाद सुरू व्हायचा. माझं म्हणणं असं की कट्टर माणसं मूठभर असतात, त्यांचा आवाज मोठा असतो एवढंच. अण्णा ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "मूठ कुनाची? हत्तीची का?"

त्यांच्याकडे पुरावे होते. एकदा म्हणे एका पेठेत देवळाचे लोक आणि मशिदीचे लोक, दोघांनीही तक्रार केली की पलीकडच्यांना जास्त पाणी सुटतं. दोन्ही कमिट्या अण्णांना जाब विचारायला पाणीखात्याच्या ऑफिसात आल्या. एकाच रिक्षातून आल्या, कारण दुसरी मिळाली नाही. दाटीवाटीनं, मांडीवर मांडी घालून. साहेबांसमोर भांड भांड भांडल्या आणि त्याच रिक्षातून परत गेल्या. मी म्हटलं, अण्णा, हा तर माझ्या बाजूचा पुरावा झाला. ते म्हणाले, "कसा काय? समदेच कट्टर हुते की. फकस्त रिक्षा एक हुती."

गंमत अशी की माणूस समोर आला रे आला की अण्णांची आकडेमोड बिघडायची. एका रविवारी मी चिकाटीनं एकेक घर धरून विचारत गेलो. कोपऱ्यावरचा किराणावाला? त्याचं सोडा, त्याला गिऱ्हाइकातनं सवड कुठली. समोरच्या वहिनी? त्यांचं सोडा, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मागच्या गल्लीतला रज्जाक, जो टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे आणि दर पाण्याला येऊन अण्णांशी भांडतो, तो? अण्णा म्हणाले, "रज्जाकचं सोडा. त्येला शुगर हाय." मी विचारलं, मग माझं का सोडता? ते म्हणाले, "तुमाला कोन इचारतंय, सर." दोन्ही गल्ल्या संपल्या, एकही कट्टर सापडला नाही. अण्णांनी पुन्हा हात पसरले. "ह्यांचं सोडून बोलतोय मी."

रज्जाकचं आणि त्यांचं भांडण ऐकण्यासारखं असायचं. अण्णा रिटायर होऊन वर्षं झाली तरी रज्जाकला पाण्याचा जाब अण्णांनाच विचारायचा असे. नवा चावीवाला पोरगा होता, त्याच्याशी भांडण्यात त्याला चव नव्हती. "क्या अण्णा, उन लोगांकूच पूरा पानी छोड्या क्या?" असं म्हणत तो बोळातून यायचा. अण्णा त्याला त्याच्या चार पिढ्यांची पाण्याची हाव ऐकवायचे. मग रज्जाक त्यांच्या पायरीवर बसून शेंगाचटणी-भाकरी खायचा. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाकरी रज्जाकच्याच घरून आलेली असायची.

आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला दगडफेक झाली. मोबाइलवरच्या कुठल्याशा क्लिपवरून झाली. दुकानं बंद राहिली, पोलिसांच्या गाड्या फिरल्या. आमच्या गल्लीत दूध उशिरा आलं, याखेरीज काही झालं नाही. पाणीसुद्धा ठरल्या दिवशी आलं आणि ठरल्याप्रमाणे भांडणं झाली.

पण अण्णांचा मुलगा पुण्यात राहतो. त्यानं ती क्लिप पाहिली होती, आणि लांबून पाहिली की अशी क्लिप फार मोठी दिसते. त्यानं फोन केला की मी न्यायला येतोय, कायमचं यायचं. अण्णांनी नाही म्हणून पाहिलं. तेव्हा मुलानं विचारलं, अण्णा, सगळे कट्टर आहेत असं तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात ना? मग त्या सगळ्यांत तुम्हाला एकट्याला कसं ठेवू?

मुलगा त्यांचाच होता, आणि वादही त्यांनीच शिकवलेला.

मुलगा यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, अण्णा माझ्याकडे आले. आतापर्यंत कधी घरात आले नव्हते. वाद नेहमी रस्त्यावर. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी घेतलं, भांडं खाली ठेवलं.

"सर, तुमचं ते मूठभराचं काय हाय, ते जरा नीट सांगा की."

मला आधी कळेना. मग कळलं, की त्यांना माझी बाजू हवी होती. मुलापुढं मांडायला.

मी शिकवलं. नववीला शिकवतो तसंच. खरे कट्टर थोडे असतात. बाकीच्यांपैकी काही घाबरलेले असतात, काही गप्प असतात, आणि पुष्कळांना स्वतःच्याच कामातून डोकं वर काढायला वेळ नसतो. अण्णा एकेक वाक्य ओठांत घोळवत होते. मधेच विचारलं, "घाबरलेले कशात धरायचे? थोड्यात का समद्यात?" मी म्हटलं, त्यांना कशातच धरायचं नाही. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी पाठ केलं. आयुष्यभर ज्या मताची टिंगल केली ते मत हा माणूस म्हातारपणी घोकत होता, का तर त्याला स्वतःच्या पायरीवर बसायला मिळावं म्हणून. मला हसू आलं, आणि मी त्यांच्याकडून सगळं पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगतो. डोळे तारवटलेले होते, रात्रीची झोप झालेली दिसत नव्हती. बापाच्या औषधांची पिशवी त्यानं सगळ्यांत आधी भरली. मी दारात उभा होतो, रज्जाकही बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला होता. अण्णा मुलापुढं उभे राहिले, हात मागं बांधले आणि म्हणाले, "समदे न्हाईत रे. थोडेच असत्यात. मी चुकीचं सांगत हुतो तुला."

माझ्या माहितीत अण्णांनी हार मानली ती ही एकदाच.

मुलानं औषधांची पिशवी गाडीत ठेवली. मग म्हणाला, "असतील थोडे. पण एकच जरी तुमच्या दारात आला तर मी काय करू? मला भीती वाटते, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच शिकवायचं राहिलं होतं. किती आहेत ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मुलानं जे विचारलं त्याचं नव्हतं, आणि अजूनही नाही. मग अण्णा मुलाला म्हणाले, "बरं, चल." भीती म्हटल्यावर ते मुलाशी वाद घालणार नव्हते. रज्जाकनं गादीची वळकटी उचलून डिकीत ठेवली. ती नीट बसेना म्हणून दोघं थोडेसे भांडले.

मध्ये काही महिने गेले. परवा त्यांचा फोन आला. तब्येत विचारून झाली, जेवणाचं विचारून झालं. मी मुद्दाम खोडी काढली, तुमच्या सोसायटीत कट्टर किती आहेत म्हणून. वाटलं, आता हात पसरले असतील.

"काय म्हाईत," ते म्हणाले. "हितं चोवीस तास पानी असतंय, सर. कुनी खालीच येत न्हाई."

मग विचारलं, आज आपल्याकडं पाणी आलं का. मी म्हटलं, आलं.

"भांडनं झाली?"

"झाली की. समोरच्या वहिनींनी नळाला मोटर लावली, त्यावरून."

"कोन कोन हुतं?"

मी सांगायला लागलो. वहिनी, किराणावाला, त्याचा भाऊ, मागच्या गल्लीतल्या दोघी, रज्जाक, रज्जाकचा मेव्हणा. मी एकेक नाव घेत होतो आणि पलीकडून अण्णा, मी थांबू नये म्हणून, प्रत्येक नावाला "व्हय, व्हय" म्हणत होते.