शेवटचं मेंढरू येईस्तोवर

धुळाला पळताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मेंढपाळ पळाला की मेंढरं बुजतात, आणि बुजलेली मेंढरं गोळा करता करता दिवस बुडतो. म्हणून तो जन्मभर चालला. दिवाळी झाली की माणदेशातली वाडी सोडायची, उंब्रजच्या पुढे कृष्णाकाठच्या मळ्यांत मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायचं, असा चाळीस वर्षांचा रिवाज.

या चाळीस वर्षांत त्याची बायको हरणाबाई कायम पुढे असायची. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी बांधलेला लहानगा लेक रविराज, आणि लगाम धरून झपाझप चालणारी हरणाबाई. पुढच्या मुक्कामाला पोचून ती चूल पेटवायची. मागून मैलभर अंतरावरून मेंढरं घेऊन येणाऱ्या धुळाला आधी तिचा धूर दिसायचा. मुक्कामावर एक रीत मात्र तिनं कधी मोडली नाही. शेवटचं लंगडं मेंढरू येऊन बसल्याशिवाय ती चूल विझवत नसे आणि कुणाला जेवू देत नसे. कितीही उशीर होवो, पोरगं भुकेनं रडो, तवा चुलीवरच.

पुढे चराऊ रानं गेली, मेंढरं विकली. रविराज फलटणला कारखान्यात लागला, त्याची बायको प्रांजल वाडीत आशाताई झाली. आणि एका सकाळी हरणाबाईच्या हातातली चहाची कपबशी खाली पडली. ती उचलायला वाकली ती उठलीच नाही.

मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. जीव वाचला, डावा पाय मात्र ओढत राहिला. निघताना डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतो. पण पाय ज्याचा त्यानंच चालवायचा. यांनी अंथरूण धरलं तर पुन्हा उठणार नाहीत."

हरणाबाईनं घरी आल्या आल्या अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. उभा जिल्हा पायाखाली घातलेल्या बाईला चार लोकांसमोर पाय फरफटत न्यायची लाज वाटत होती. धुळाला ते कळत होतं, पण लाजेवर त्याच्याकडे काही औषध नव्हतं.

अशात ती दौड आली. जिल्ह्यात राज्याच्या मैदानी स्पर्धा व्हायच्या होत्या, आणि त्यानिमित्त सगळ्या जनतेला चालतं-पळतं करायचं असं वरून ठरलं होतं. प्रत्येक तालुक्याला तीन किलोमीटरची आरोग्य दौड. शेवटची रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येकाला पदक. असल्या सरकारी उत्साहाला नाकं मुरडायची आपल्याला सवय आहे. पण खरं ते सांगायला हवं. प्रांजलनं आणलेल्या कागदावर नऊवारीतल्या एका म्हातारीचा पळतानाचा फोटो होता. हरणाबाईनं तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"ही कुठली गं?"

"आसंल कुठलीतरी. पर आत्ती, तुमच्यापेक्षा थोरली दिसती."

"आन् तिला जमतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती उठली.

पहिल्या आठवड्यात दारापासून चिंचेपर्यंत. मग बांधापर्यंत. संक्रांतीला बिरोबाच्या देवळापर्यंत जाऊन परत. धुळा तिच्या मागे दोन पावलं. जन्मभर तिचा नुसता धूर पाहिलेल्या माणसाला आता तिची चाल जवळून दिसायला लागली. उजवा पाय पडायचा, डावा घासत यायचा, मग ती श्वास घ्यायची. पदक मिळालं की बिरोबाला वाहायचं, असं तिनं बोलून ठेवलं होतं. ती पुन्हा हसायला लागली होती. धुळाला तेवढंच हवं होतं.

दौडीच्या दिवशी प्रांजलला एका बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जावं लागलं. धुळानं बायकोला रिक्षानं तालुक्याला नेलं. लुगड्यावरून पिवळा टीशर्ट, त्यावर चार टाचण्यांनी लावलेला नंबर, तीनशे सात. पाहुण्यांची भाषणं लांबली आणि साडेसहाची दौड सव्वासातला सुटली. ढोल वाजले, माणसांचा लोंढा निघून गेला, आणि थोड्याच वेळात रस्त्यावर दोघंच उरली.

दोन किलोमीटरच्या पाटीपुढे हरणाबाईचा पाय थरथरू लागला. ऊन वर आलं होतं.

"आवं, चला. ती लोकं उरकत्याली."

"बस जरा मोरीवर," धुळा म्हणाला. "नंबर लिवून घेतल्यात की त्यांनी. शेवटचं माणूस यायचं हाय, ठावं हाय त्यास्नी. त्याबिगार कोण मोडंल का मुक्काम?"

त्याच्या सबंध आयुष्यात तसं कधी झालं नव्हतं. रानातली रीत गावातही असणार, असं तो धरूनच चालला. त्यानं तिला ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं, पाय मांडीवर घेऊन दाबला. पंधरा मिनिटं बसली असतील दोघं.

दोघं मैदानावर पोचली तेव्हा शेवटच्या रेघेवरची कमान टेम्पोत चढत होती. मंडपवाल्याला दुपारच्या लग्नाला जायचं होतं. जमिनीत बांबूंचे खड्डे उरले होते आणि भोवती केळीची सालं. देखरेखीला असलेले हायस्कूलचे खेळाचे मास्तर लालासाहेब त्यांना पाहून चपापले.

"आजी, तुम्ही होता अजून? आम्हाला वाटलं, सगळे आले."

पदकं संपली होती. लालासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन केळी दिली, पदक घरी पाठवतो म्हणाले.

हरणाबाईनं फक्त एक विचारलं. "रेघ कुठं हुती?"

मास्तरांनी बुटानं जागा दाखवली. फक्कीची पांढरी रेघ पायांखाली पुसून गेली होती. हरणाबाई त्या जागेवरून पाय ओढत पलीकडे गेली, थांबली, आणि नंबराच्या टाचण्या एकेक काढून तिनं हातातल्या बांगडीत अडकवल्या.

दुसऱ्या दिवशी धुळानं तिच्या चपला पुढे केल्या. "नगं," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशीही नगं. प्रांजलनं समजूत घातली, रविराज रजा काढून आला, रागावला, रडला. तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिनं धुळाला कधीही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटायचं. 'ती चला म्हणाली तवाच निघाया पायजे हुतं' हे वाक्य त्याच्या पोटात रुतून बसलं होतं. पदक काही आलं नाही. पेपरात मात्र आलं की तालुक्यातले चौदाशे नागरिक आरोग्याच्या वाटेला लागले. त्यात तीनशे सात नंबरही धरलेला होता.

मार्गशीर्षात हरणाबाई गेली. शेवटचे दोन महिने तिला कुशीवर वळवायलाही माणूस लागत होतं. शेवटची अंघोळ घालताना बायकांनी बांगडीतून काढलेल्या त्या चार टाचण्या धुळाच्या हातात आल्या.

कार्यक्रम यशस्वी ठरल्यामुळे दौड पुढच्या वर्षीही झाली. तयारीच्या बैठकीत प्रांजल उभी राहिली. "शेवटचं माणूस येईस्तोवर कमान उतरायची नाही," एवढंच बोलून ती बसली. लालासाहेब मान खाली घालून "हो" म्हणाले.

धुळानंही नाव दिलं. नंबर त्यानं त्याच चार टाचण्यांनी लावला. ढोल वाजले, लोंढा गेला. सत्तरीतही तो त्यांतल्या निम्म्यांना मागे टाकू शकला असता. पण तो एक पाऊल टाकायचा, दुसरं ओढत आणायचा, आणि श्वास घ्यायचा. मोरीवर तो पंधरा मिनिटं बसला.

मैदानावर कमान उभी होती. लालासाहेब पदक घेऊन रेघेपाशी थांबले होते, शेजारी प्रांजल. त्याला पाहून उरलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेघेच्या दोन पावलं अलीकडे धुळा थांबला.

"या आबा," मास्तर म्हणाले, "तुम्हीच शेवटचे."

"न्हाई, मास्तर. माज्या मागं एकजण हाय."

सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मंडपवाल्यानं कमानीच्या दोरीला हात घातला होता. मास्तर काही विचारणार, तेवढ्यात प्रांजल म्हणाली, "थांबा जरा, सर." मास्तरांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मंडपवाल्याला खूण केली. तो दोरी सोडून टेम्पोच्या फळीवर जाऊन बसला.

रस्ता रिकामा आहे हे धुळालाही दिसत होतं. तरी तो तिकडे तोंड करून उभा राहिला, पंधरा मिनिटं, आणि मगच त्यानं रेघ ओलांडली.