दोन्ही बाजूंनी जाणारं वाक्य

“मॅडम, आमची सिस्टिम जिथे जिथे बसली, तिथे आजवर एकही अपघात झालेला नाही.”

अमेय नावाचा तो सेल्स इंजिनिअर हे बोलला आणि माझा चहाचा कप हातातच राहिला. चाकणमधल्या आमच्या कंपनीची कॉन्फरन्स रूम. समोर मोठा स्क्रीन, शेजारी आमचे मालक निखिलसर, मान डोलावत बसलेले. वाक्य ऐकायला चांगलंच होतं. मला मात्र ते फार जुन्या ओळखीचं होतं, आणि ती ओळख काही चांगली नव्हती.

आम्ही गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो. ते पॉवर प्रेसवर होतात. खाली साचा असतो, त्याला डाय म्हणतात. वरून रॅम नावाचा जड भाग खाली येतो आणि मधला पत्रा क्षणात हवा तसा वाकतो. मधे पत्रा आहे की आणखी काही, हे प्रेसला कळत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक प्रेसला दोन बटणं आहेत, एकमेकांपासून लांब. ऑपरेटरने दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच रॅम खाली येतो. दोन्ही हात बटणांवर म्हणजे डायमध्ये हात नाही, इतका साधा हिशेब.

अमेय कॅमेरा विकायला आला होता. कॅमेरा डायवर नजर ठेवणार, आत हात दिसला की प्रेस जागच्या जागी थांबवणार. मग बटणं काढून टाकायची आणि पायाचं पेडल लावायचं. हात मोकळे झाले की काम झपाट्याने होणार. निखिलसरांना हे हवंच होतं. आमच्या कस्टमरने जास्त माल मागितला होता. तो देता आला नाही तर नवीन पार्टची ऑर्डर तळेगावच्या दुसऱ्या व्हेंडरकडे जाणार होती. पण प्रेसवर काही बदल करायचा तर क्वालिटी आणि सेफ्टी बघणाऱ्याची सही लागते, हा निखिलसरांच्या वडिलांनी, आमच्या मोठ्या साहेबांनी, घालून दिलेला नियम. ते काम माझ्याकडे. खरं तर माझं रिटायरमेंटचं वय उलटून गेलंय, पण मोठ्या साहेबांनी थांबवून घेतलं आणि मीही थांबले. घरी बसून करायचं काय?

अमेयचं प्रेझेंटेशन देखणं होतं. आधी त्याने सांगितलं की या पट्ट्यातले सगळे मोठे प्लांट याच दिशेने चाललेत. मग व्हिडिओत एक टाय लावलेले गृहस्थ आले, कुठून तरी मोठ्या पदावरून रिटायर झालेले. ते म्हणाले, हे भविष्य आहे. मग दारात बाबांची वाट बघणाऱ्या लहान मुलीचा फोटो. तो मीही जरा जास्त वेळ बघितला, खोटं कशाला बोलू. मग, “एक तर काळाबरोबर चला, नाही तर मार्केटच्या बाहेर पडा.” आणि शेवटी ते अपघाताचं वाक्य.

मला शिंदे नाना आठवले.

मी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले तेव्हा नाना गेज रूमचे इनचार्ज होते. माझे वडील त्याच कारखान्यात फाउंड्रीत होते. आमच्या वस्तीतली मी पहिलीच मुलगी जी त्या गेटमधून डबा घेऊन आत गेली. गेज रूम म्हणजे मोजमापाची हत्यारं ठेवायची खोली. धातू उन्हाने फुगतो, म्हणून तिथे एसी होता. सगळ्या वर्कशॉपमध्ये तेवढा एकच एसी. मे महिन्यात कारखान्यातल्या निम्म्या लोकांना अचानक काही ना काही मोजायचं असायचं. नाना सगळ्यांना आत घेत, पण फुकट बसू देत नसत. एखादं गेज पुसायला लावत. त्या खोलीतला, गंज लागू नये म्हणून गेजना फासलेल्या व्हॅसलीनचा आणि थंड लोखंडाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

नाना मूळचे देहूकडचे. बोलणं अस्सल गावाकडचं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. त्याबद्दल कुणी विचारत नसे आणि तेही सांगत नसत.

नानांनी मला पहिल्या आठवड्यात प्लग गेज शिकवलं. भोक बरोबर मापाचं आहे का, हे बघायची ती एक दांडी असते. तिच्या एका टोकाला ‘गो’, दुसऱ्याला ‘नो-गो’ म्हणतात. ‘गो’ भोकात जायला हवं. ‘नो-गो’ जायला नको. दोन्ही टोकं आत गेली तर भोक मोठं झालंय, पार्ट रिजेक्ट. नवीन मुलं एक चूक हमखास करायची. ‘गो’ आत गेलं की खूश होऊन पार्ट पास करायची, दुसरं टोक लावायचीच नाहीत.

दुपारी कॅन्टीनमध्ये जेवण झालं की नानांचा एक खेळ चाले. कुणीतरी पेपरातली जाहिरात मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी तिला गेज लावायचं. एकदा टॉनिकची जाहिरात होती, ‘पिढ्यानपिढ्यांचा विश्वास’. नाना म्हणाले, “टॉनिकला बसतंय? व्हय. गो गेलं. आता दुसरं टोक लावा. बिडीला बसतंय का?”

“बसतंय,” आम्ही म्हणालो.

“छत्रीला?”

“तेही बसतंय.”

“मंग ते टॉनिकबद्दल काय सांगतंय? कायबी न्हाई. रिजेक्ट.”

पिंपरी कॅम्पातल्या सेलच्या पाट्या, तळेगावकडच्या ‘निसर्गरम्य’ प्लॉटच्या जाहिराती, निवडणुकीतली भाषणं, युनियनच्या सभेतली भाषणंसुद्धा आम्ही त्या गेजवर घेतली. सगळे घेतात म्हणून घ्या, मोठा माणूस सांगतो म्हणून ऐका, घेतलं नाही तर पस्तावाल, दोनच रस्ते आहेत. अशा वाक्यांना पुढे कॉलेजातल्या पुस्तकांत मोठी नावं असतात हे मला फार नंतर कळलं. आम्ही त्यांना ‘दोन्ही बाजूंनी जाणारी’ म्हणायचो आणि पोट धरून हसायचो. ते ताटांचे आवाज, ताकाचे स्टीलचे पेले, भोंगा झाला तरी न उठणारी माणसं. त्या कारखान्याच्या जागेवर आता टॉवर आहेत. तिथून जाताना मी दरवेळी कॅन्टीन कुठे होतं ते शोधते आणि दरवेळी चुकते.

एका दिवशी मात्र नाना हसले नाहीत. कुणीतरी स्टोव्हची जाहिरात वाचली होती, ‘आजवर एकही तक्रार नाही’. आम्ही नेहमीसारखे सुरू झालो. नानांनी डावा हात टेबलावर ठेवला.

“आमी प्रेस शॉपला होतो तवा,” ते म्हणाले, “जाळीचा गार्ड काढला होता. माल लवकर निघावा म्हणून. मी सुपरवायझरला म्हनलं, गार्ड लावा. तो म्हनला, आजवर कुनाला काय झालंय का? मी इचार केला, खरंच की, कुनाला कायबी झालं न्हाई. पटलं मला.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, बोटं प्रेसनं न्हाई नेली. त्या वाक्यानं नेली. ते समद्या मशिनींना बसतंय. ज्या दिवशी बसत न्हाई, त्या दिवशी कळून उपेग नसतो.”

 नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी ते वाक्य उच्चारलं की मला आधी तो हात दिसतो.

तर मी कप खाली ठेवला आणि अमेयला विचारलं, “ज्या प्लांटमध्ये तुमचा कॅमेरा आहे, तिथे बसवायच्या आधी किती अपघात व्हायचे?”

“ते विचारून सांगतो, मॅडम.”

“आणि तिथली बटणं काढली आहेत का?”

“तेही विचारून सांगतो.”

निखिलसरांना हे आवडलं नाही. अमेय गेल्यावर ते म्हणाले, “वाघमारे मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या पिढीला नवीन काही आलं की भीतीच वाटते.”

राग आला. चांगलाच आला. पण मी इतकंच म्हणाले, “माझं वय झालंय हे खरं आहे, सर. पण त्यावरून कॅमेऱ्याला हात दिसतो की नाही हे ठरत नाही.”

दुसऱ्या दिवशी शॉप फ्लोअरवर गेले. सविता आमची जुनी ऑपरेटर, उदगीरकडची. तिला कॅमेऱ्याचं सांगितलं. मला वाटलं, निदान ती तरी माझ्या बाजूने असेल.

“बशीवलं तर बरंच हाय की मॅडम,” ती म्हणाली. “दोनी हातानं बटनं दाबून दाबून खांदे भरून येत्यात. रातच्याला कूस बदलता येत नाही. पायानं चालवायचं म्हणल्यावर सुटलोच की आमी.”

मी तोंड उघडलं होतं. ‘अगं, इतकी वर्षं बटणांनी काही झालं नाही ना,’ असं म्हणणार होते. आणि तिथेच थांबले. हे तर तेच वाक्य. फक्त माझ्या सोयीचं. बटणं जुनी आहेत म्हणून चांगली, आणि कॅमेऱ्याची जाहिरात भंपक म्हणून कॅमेराही भंपक, हे दोन्ही मी मनातल्या मनात पास करून टाकलं होतं, दुसरं टोक न लावताच. भंपक माणूसही कधी कधी चांगली वस्तू विकतो. बघायला हवं होतं ते एकच. सविताचा हात आत असताना तो कॅमेरा प्रेस थांबवतो का?

मी ट्रायल मागितली. निखिलसर लगेच हो म्हणाले.

ट्रायलच्या दिवशी अमेय वेळेवर आला आणि आल्या आल्या त्याने सांगितलं की त्या प्लांटमध्ये आधीही अपघात झाले नव्हते, आणि बटणं अजून तशीच आहेत. कॅमेरा जोडीला लावलाय. हे त्याने स्वतःहून सांगितलं. मुलगा प्रामाणिक होता, प्रेझेंटेशन त्याने बनवलेलं नव्हतं.

“म्हणजे तिथे काही होत नाही, ते बटणांमुळे की कॅमेऱ्यामुळे?” मी विचारलं.

“सांगता येणार नाही, मॅडम.”

“ठीक आहे, इथे बघू ना,” निखिलसर म्हणाले. त्यांचं लक्ष ऑर्डरवर होतं आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं नाही. ऑर्डर गेली तर एक लाइन बंद पडणार होती, आणि त्या लाइनवर सविता होती.

एका प्रेसला कॅमेरा आणि पेडल जोडून झाल्यावर अमेयने बॅगेतून कोरा पिवळा हातमोजा काढला, काठीला बांधला आणि डायमध्ये धरला. पेडल दाबलं. प्रेस वरच्या वर थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. निखिलसरांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मलाही कौतुक वाटलं.

“आता आपला मोजा लावू,” मी म्हणाले.

आमच्या शॉपमधले हातमोजे सकाळी पांढरे असतात आणि चहाच्या सुट्टीपर्यंत काळे होतात. पत्र्यावर ऑइल असतं. डायही काळीच. मी सविताकडे हात पुढे केला. तिने उजव्या हातातला मोजा काढून दिला. त्यात आम्ही कॉटन वेस्ट, म्हणजे मशीन पुसायचे सुताचे गुंते, ठासून भरले. तो काठीला बांधून डायमध्ये ठेवला. सगळ्यांना मागे उभं केलं. अमेयने पेडल दाबलं.

प्रेस थांबली नाही.

आवाज रोजचाच होता. रॅम वर गेला तेव्हा डायमध्ये मोजा सपाट होऊन पडला होता, पार्टच्या आकारात वाकलेला. बोटांच्या जागी सूत बाहेर आलं होतं. अमेय लाइटिंगबद्दल काहीतरी बोलायला लागला. निखिलसर पुढे झाले, मोजा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. मग तो त्यांनी सविताकडे का दिला कोण जाणे. बहुधा तिचाच म्हणून.

सविताने तो हातात धरला, दुसऱ्या हाताने सारखा केला.

“मॅडम,” ती म्हणाली, “स्टोअरला सांगा, मला दुसरा जोड द्या म्हणावं.”

निखिलसर केबिनमध्ये गेले.  दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. “बटणं राहू देत,” म्हणाले. “पण माल मला वाढवून पाहिजे, कसा ते तुम्ही सांगा.”

हे मात्र त्यांचं रास्त होतं. साचे बनवणाऱ्या टूल रूमच्या लोकांना घेऊन बसलो. बटणं कमरेच्या उंचीवर आणली आणि नुसता तळहात टेकला तरी चालतील अशी हलकी बसवली. पार्ट हाताने काढायच्या ऐवजी आपोआप घसरत पेटीत पडेल अशी पट्टी लावली. कॅमेराही घेतला, एका प्रेसवर, बटणांच्या जोडीला. दोन्हींतलं एकच निवडा असं आम्हाला अमेयशिवाय कुणी सांगितलंच नव्हतं. माल वाढला, कस्टमरला हवा होता तितका नाही. निम्मी ऑर्डर आली, निम्मी तळेगावला गेली. निखिलसर अजून ती आठवण काढतात. मी ऐकून घेते.

लाइन चालू आहे. सविताचे खांदे आता कमी दुखतात. परवा तिच्या मुलाने पहिल्या पगारातून तिला अंगठी केली. प्रेस शॉपमध्ये अंगठी चालत नाही, म्हणून ती गेटबाहेर येईपर्यंत थांबते आणि बसची वाट बघताना घालते.

“घट्ट होतीय जरा,” हात पुढे करून ती मला म्हणाली. “बोटं जाड झाल्यात.”

मी तिचा हात हातात घेऊन नीट बघितला. करंगळीपर्यंत. नाना असते तर त्यांनीही बघितला असता.

नवी बटणं लागल्यापासून आमच्याकडे आजवर काहीही झालेलं नाही. हे वाक्य मी कुठल्याही मीटिंगमध्ये बोलत नाही. सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जाऊन प्रत्येक प्रेसचं एकच बटण दाबून बघते. रॅम हलला नाही, की मग सविताला आणि बाकीच्यांना आत येऊ देते.