खंडेनवमीचा आठचा पाना

कळंब्यात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान एक बाई चालवते म्हटल्यावर पहिल्या वर्षी लोक नुसते बघायला यायचे. आता गाडी बंद पडली की येतात. शिवलीला ही नागाप्पांची थोरली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि दुकान तिच्या गळ्यात पडलं. समोरच माझं पेंडीचं दुकान आहे. बाई फटकळ आहे असं लोक म्हणतात. मला विचाराल तर अजून थोडी असायला हवी.

नागाप्पांची बोटं गेली ती खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं पूजेत मांडतात आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. नागाप्पांनी कुणाच्या तरी अडलेल्या गाडीसाठी पाना उचलला आणि हात इंजिनच्या पंख्यात गेला. देव कोपला, असं ते स्वतः सांगायचे आणि सगळं कळंबा म्हणायचं. मीही म्हणायचो.

यंदा नेमकी खंडेनवमीच्या सकाळी बायडाबाईची म्हैस अडली. रेडकू आडवं आलेलं. डॉक्टर म्हणाले, पोट फाडावं लागेल, दवाखान्यात आणा. गल्लीतल्या गड्यांनी कशीबशी ती आमच्या दुकानांसमोर उभ्या गुंडूच्या पिकअपमध्ये चढवली, आणि पिकअप चालू होईना. खाली उतरवली असती तर म्हैस बसली असती, पुन्हा उठली नसती. पुढं चढ, त्यामुळं धक्का मारायचीही सोय नाही. बायडाबाईचं घर त्या एका म्हशीवर चालतं. गुंडू मात्र स्टार्टरवर स्टार्टर मारत सुटला होता.

"बॅटरी खातोस काय सगळी?" शिवलीला धावत आली. "हीटर बघितलास?"

"हीटर चालतोय की. दिवा लागतोय न्हवं."

डिझेलचं इंजिन गार असलं की आधी आतले चार प्लग तापावे लागतात. त्यालाच हे लोक हीटर म्हणतात. किल्ली अर्धी फिरवली की त्याचा दिवा लागतो, पुढं फिरवली की इंजिन फिरतं. शिवलीलानं भंगारातला बल्ब आणि वायरचे तुकडे काढले. पूजेकडं बघितलंही नाही.

"गुंडू, किल्ली दिव्यापतूरच. म्होरं न्हाय."

बॅटरीकडून येणाऱ्या वायरला बल्ब पेटला. प्लगच्या डोक्याला लावला, विझला. मध्ये चारही प्लगना जोडणारी पट्टी, आणि ती चांदीच्या रंगानं चकाकत होती.

"हे कुणी रंगवलं?"

"मीच की, पूजेसाठी. काढून दोन्हीकडनं रंगवली." गुंडूला अजूनही कौतुकच होतं. "काल तर चालू झालती."

"काल दुपारी इंजिन गरम हुतं. रंगातनं करंट जातोय व्हय रं?"

पट्टी काढायला आठचा पाना हवा होता. आणि त्या दिवशी गावातला एकेक पाना झेंडूखाली. शिवलीलानं पूजेपाशी बसलेल्या वडिलांकडं बघितलं.

"पूजा उद्या उतरायची," नागाप्पा म्हणाले.

म्हैस कण्हली. बायडाबाई तिच्या मानेला मिठी मारून उभी होती. शिवलीलानं चप्पल काढली, हात जोडले आणि कुंकू लागलेला पाना उचलला. हिचीही बोटं गेली तर, एवढंच माझ्या डोक्यात.

तिनं पट्टी काढली, दुकानाच्या पायरीवर घासून खालचा धातू उघडा केला, पुन्हा बसवली. बॅटरी आता एका स्टार्टरपुरती उरली असेल-नसेल. पंख्याशेजारच्या प्लगला तिनं बल्ब लावला.

"किल्ली. दिव्यापतूरच."

बल्ब लागला. मी बघत होतो. गुंडूनंही बघितला, आणि उतावळ्यानं किल्ली पुढं फिरवली.

नागाप्पा कधी उठले ते मला दिसलं नाही. त्यांनी तिचं मनगट धरून तिला मागं ओढलं तेव्हा पंखा फिरायला लागला होता. इंजिन धडधडलं. गुंडूचं तोंड पांढरंफटक पडलं, तरी नागाप्पांनी त्याला "जा, म्हैस ने" एवढंच म्हटलं.

दुपारी बायडाबाईचा फोन आला. म्हैस उभी आहे, रेडी जगली. तोवर बापलेक पूजेसमोर बसून होते.

"देवानं सोडलं मला, आप्पा," शिवलीला म्हणाली.

"देवानं धरलंच कुटं हुतं? माझ्या वक्ताला पन असाच एक किल्ली फिरवून बसला."

ती त्यांच्याकडं वळली. "मग इतकी वर्सं देवाचं नाव का सांगितलासा?"

नागाप्पांनी उरलेल्या तीन बोटांत पाना घेतला आणि न पुसता पूजेत ठेवला.

"त्या पोराचं सांगितलं असतं तर गावात त्याला कुनी उभं केलं नसतं. देवाला काय, त्यो सोसतोय."