कबुतरांच्या नावाची ज्वारी

दत्तोपंतांना गव्हाच्या पोळीची आवड होती म्हणण्यापेक्षा तिचा अभिमान होता. लहानपणी मल्हारगंजातल्या त्यांच्या घरी रोज ज्वारीची भाकरी असायची, गहू फक्त सणाला नाहीतर पाहुण्याला. वीज खात्यात कारकुनी मिळाली तशी त्यांनी ज्वारी बंद केल्याचं जाहीर केलं. माणूस शब्दाचा पक्का. कमलताई लग्न होऊन आल्यापासून या घरात भाकरी कधी थापलीच गेली नाही.

आणि आता म्हातारपणी शुगर निघाली! तुकोगंजातल्या डॉक्टरीणबाईंनी पोळी सोडून ज्वारी खायला सांगितली, तेव्हा दत्तोपंतांचं तोंड असं उतरलं की कमलताईंना हसू आवरेना.

पिशवी घेऊन ते परेशच्या किराणा दुकानात गेले. दुकानात ओळखीची मंडळी उभी. ज्वारी घेताना पाहिलं तर काय म्हणतील? दत्तोपंतांवर वाईट दिवस आले! त्यांनी घसा खाकरला.

"परेश, जरा ज्वारी दे. कबुतरांना टाकायची आहे."

"बढिया, पुण्य का काम है," म्हणत परेशनं पिशवी भरून दिली. दत्तोपंतांनी त्यातली निम्मी परस्पर चक्कीवरून दळून आणली. भाकरी झाली काळपट, कडू, आणि दातांखाली कचकच. कमलताईंनी पिशवीत उरलेले दाणे सुपात ओतले, तर निम्मे किडके आणि बाकी खडे.

"हे कुठून उचललंत?"

दत्तोपंतांनी कबुतरांचं सांगून टाकलं.

"धन्य आहे तुमची! आता जा आणि स्वतःच्या नावानं आणा."

दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा तीच गर्दी. दत्तोपंतांनी मनाचा हिय्या केला आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "परेश, ज्वारी दे. खायची. मला!"

"तो ऐसा बोलो ना भिया! खानेवाली अंदर रखी है. पर शरबती गेहूं से महंगी पड़ेगी, हां."

मागून कारची किल्ली फिरवत एक बाई म्हणाल्या, "भैया, हमारे लिए भी बचाना. घर में अब सब यही खाते हैं."

उंची शरबती गव्हाहूनही ज्वारी महाग! दत्तोपंतांची मान ताठ झाली. पिशवी खांद्यावर टाकून ते मुद्दाम लांबच्या, गजबजलेल्या रस्त्यानं घरी आले.

रात्री ताटात पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली भाकरी आली, सोबत लसणाची चटणी. पहिल्याच घासाला आईची आठवण येऊन त्यांना भरून आलं. एवढ्यात कमलताईंनीही स्वतःच्या ताटात भाकरी वाढून घेतली.

"तू पोळी कर ना स्वतःला. तुला कशाची कमी पडू दिली नाही मी."

"माहेरी मी भाकरीवरच वाढले हो. फार आवडते मला. इतकी वर्षं जीव तरसायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या कौतुकानं गहू आणायचात. काय बोलणार?"

दत्तोपंत ताटावरून उठले, बाह्या सरसावल्या आणि परातीपाशी बसले. तव्यावर टाकताना त्यांच्या भाकरीचे दोन तुकडे झाले. कमलताईंनी दोन्ही खाल्ले.