भासऱ्यांची कानतपासणी

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ व्हायचा नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. माझे भासरे ते तुमचे मोठे आजोबा. त्यांची आई म्हणजे माझी सासू, तुमची पणजी. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मी शेजारच्या गावी, वरवट बकालला, नव्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते.

भासऱ्यांशी मी बोलत नसे. भांडण मुळीच नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी थेट बोलू नये, अशी आमच्याकडची रीत. ते ओसरीवर येताना खाकरत, मी डोक्यावर पदर घेऊन आत जाई. काही सांगायचंच असेल तर दाराआडून आत्याबाईंना सांगायचं, मग त्या भासऱ्यांना सांगत. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येई, तरी आत्याबाईंच्या तोंडून आल्याशिवाय ते बोलणं झालं असं कुणी धरत नसे. मी अमरावतीला बी. ए. झाले होते, पण मीही रीत पाळली. ते मला खूप मान देत, तो याच रीतीतून मिळत होता.

भासऱ्यांच्या मुलीने सातवी पास केली, तिथून ही गोष्ट सुरू होते. आमच्या शाळेत आठवीपासूनचे वर्ग होते, पण आजूबाजूच्या गावांतल्या मुली सातवीनंतर घरी बसत. वाटेत नाले, तुरीची उंच शेतं. एकटीदुकटीला कोण पाठवणार? शाळेच्या मंडळाने एक जुनी बस घेतली. तरी लोक म्हणाले, अनोळखी ड्रायव्हरच्या हाती आम्ही पोरी देत नाही. भासरे कापसाचा ट्रक घेऊन खामगावला जात, त्यामुळे त्यांना संग्रामपुरापर्यंत सगळी गावं ओळखत. ते आत्याबाईंना म्हणाले, "माय, सूनबाईले सांग, शाळेची गाडी मी चालवतो. माही पोरगीबी त्यातच बसंल."

पण ट्रकचं लायसन माणसं न्यायला चालत नव्हतं. त्यासाठी वेगळी परीक्षा, डॉक्टरचा दाखला आणि खिशावर लावायचा पितळी बिल्ला लागे. डोळे, छाती, हातपाय तपासून दाखला लगेच मिळाला. भीती होती ती तोंडी परीक्षेची. खामगावला येणारे इन्स्पेक्टर फार खोदून विचारतात, असा बोलबाला होता, आणि नियमांचं पुस्तक इंग्रजीत.

मग संध्याकाळी आमची शिकवणी सुरू झाली. मी दाराआड पुस्तक घेऊन बसे, आत्याबाई उंबऱ्याजवळ तूर निवडत, आणि भासरे ओसरीवर भिंतीला टेकून.

"आत्याबाई, विचारा, अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर काय कराल?"

"काऊन बे, पुलावर समोरून गाडी आली त काय करशीन?"

"माय, सांग तिले, थांबीन. त्याले आधी जाऊ दीन."

"थांबते म्हणते बाई हा. घरात त कधी कोनाले आधी जाऊ देत नाही!"

हाताच्या खुणा शिकवताना तर फारच मजा झाली. मी आतून आत्याबाईंना हात करून दाखवी, त्या बाहेर वळून तसाच करत, आणि ते बघून भासरे करत. शेजारची बाई एकदा विचारून गेली, "म्हातारीले काय झालं हो? हात फिरवून राह्यली एकटीच." आत्याबाई म्हणाल्या, "बस चालवून राह्यली मी. येतं का बसाले?" महिनाभरात भासऱ्यांना सगळं येऊ लागलं. आत्याबाईंना त्याहून जास्त.

परीक्षेला शाळेकडून मी जायचं ठरलं. मी भासऱ्यांबरोबर एकटी जाणं बरं दिसेना, म्हणून आत्याबाईही निघाल्या. खामगावच्या मैदानात बस उभी केली. आम्ही दोघी लिंबाखाली बसलो.

इन्स्पेक्टर पॅन्टला चिमटे लावून सायकलवरून आले. त्यांनी विचारलं, "चढावर गाडी बंद पडली तर पहिलं काम काय?"

भासऱ्यांनी मान वळवून लिंबाकडे पाहिलं. उत्तर त्यांच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण बोलेनात. इन्स्पेक्टरांनी पुन्हा विचारलं. भासऱ्यांनी पुन्हा आईकडे पाहिलं. महिनाभर प्रश्न कानावर आला की आईने तो उच्चारेपर्यंत थांबायचं, ही सवय अंगात इतकी भिनली होती की तिथेही ते थांबूनच राहिले.

"काय हो, ऐकायला कमी येतं का?" इन्स्पेक्टर ओरडले. भासरे ओशाळले, मग काहीतरी पुटपुटले. इन्स्पेक्टरांनी दाखल्यावर शेरा मारला: कान पुन्हा तपासून घ्यावेत. वर म्हणाले, "कान अधू निघाले तर ट्रकचं लायसनही जाईल. लहान मुलींची गाडी आहे ही."

दवाखान्याची वाट भासरे खाली मान घालून चालले. आत्याबाई एकदाच बोलल्या, "पोरगीनं नवीन दप्तर शिवून ठेवलं रे." मला कळत होतं काय झालं ते. पण ते मी कुणाला सांगणार, आणि कुणाच्या तोंडून?

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी भासऱ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून हळू आवाजात विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" भासऱ्यांची मान आपोआप आईकडे वळली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

आत्याबाई उठल्याच. "डाक्टरसाहेब, याले मुंगीचं चालनं ऐकू येते. मी बोलल्याबिगर हा बोलत नाही, एवढंच हाय!" आणि त्यांनी शिकवणीची सगळी हकीकत सांगितली, हाताच्या खुणांसकट.

डॉक्टर पोट धरून हसले. "मग लायसन तुमच्याच नावाने काढू का, आजी?"

"काढा ना. पन मले धोतर नेसता येत नाही!"

हसू ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजी, मला काही म्हणायचं नाही. पण यांनी स्वतः ऐकलं आणि स्वतः उत्तर दिलं, हे पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, मी बाहीर जातो. तू इचार. त्याच्या मांगून, थेट." आणि त्या खरोखरच बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं.

मी पदर सारखा केला. वर्गात सत्तर पोरांना ऐकू जाईल असं विचारायची सवय होती मला. तिथे मी अगदी हळू विचारलं, "मुलगी गाडीतून उतरत असेल तर काय कराल?"

भासऱ्यांचे खांदे ताठ झाले. मान थोडी दाराकडे वळू लागली, पण त्यांनी ती थांबवली. भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "पोरगी उतरून, बाजूले जाऊन उभी राह्यली, हे डोळ्यानं पाह्यल्याबिगर गाडी हलवनार नाही, बाई."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. मला उद्देशून ते पहिल्यांदाच बोलले होते. आणि हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं. पुस्तकात नुसतं 'काळजी घ्यावी' एवढंच होतं.

डॉक्टरांनी सही केली. बाहेर आत्याबाई दाराला कान लावून उभ्या होत्या, दार उघडताच जवळजवळ आतच आल्या. "बोलला?" "बोलले." "काय बोलला?" मी सांगितलं, तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "चाला, त्या सायकलवाल्याले दाखवू."

इन्स्पेक्टरांनी भासऱ्यांना आणखी बरंच विचारलं, बस मागे घ्यायला लावली, चढावर थांबवली. प्रत्येक उत्तर भासऱ्यांनी मोठ्या, स्वच्छ आवाजात दिलं. एकदाही लिंबाकडे पाहिलं नाही. आत्याबाईंना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं, कारण त्या प्रत्येक उत्तर भासऱ्यांच्या आधी माझ्या कानात सांगत होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली. सकाळी आमच्या गावच्या चौकात बस उभी, बाजूला माणसांची ही गर्दी. भासऱ्यांच्या खिशावर पितळी बिल्ला होता. ज्यांनी पोरी देणार नाही म्हटलं होतं, तेच आपापल्या मुलींचा हात धरून आले होते. बिल्ल्याकडे बघत, मग भासऱ्यांच्या तोंडाकडे बघत, आणि मुलींना चढवत. भासऱ्यांची मुलगी दप्तर घेऊन पहिल्या बाकावर बसली. मी दारापाशी उभी राहून मुली मोजत होते.

भासऱ्यांनी मागे वळून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, आल्या का साऱ्या?"

दोन म्हाताऱ्या तोंडावर हात ठेवून एकमेकींकडे बघू लागल्या. डोक्यावरचा पदर न ढळू देता मी तितक्याच मोठ्याने म्हणाले, "हो, आल्या साऱ्या. चला."