देरिसच्या खापरपणजोबांची बोंब

पेराक नदीकाठच्या आमच्या गावात हंगामाचं पहिलं दुरियान, ते काटेरी सालीचं फळ, कुणाच्याही झाडाखाली पडो, जायचं ते देरिसच्या घरी. दुरियान कुणी तोडत नाही. झाडाखाली खोपटात बसून ते आपणहून पडायची वाट बघायची. देरिसचे खापरपणजोबा असेच डुलक्या घेत असताना फळ पाठीत बसलं आणि ते बोंबलले, "दुरी, दुरी!" म्हणजे काटे, काटे. त्यावरून फळाला नाव मिळालं आणि नाव देणाऱ्या घराला पहिल्या फळाचा मान. असं देरिस सांगायचा. त्याचा बापही सांगायचा. तिसरा साक्षीदार नव्हता.

यंदा पहिलं फळ आलांगच्या झाडाखाली पडलं. त्याने ते उचलून थेट देरिस बसला होता त्या कॉफीच्या टपरीवर आणलं, आणि सोबत शाळेच्या नव्या बाई, साल्वानी, यांनाही.

"बाई, सांगा याला."

"आजोबा, नाव काट्यांवरूनच आलंय," बाई अदबीने म्हणाल्या. "पण जावात दुरेन म्हणतात, आचेत द्रिएन, सारावाकचे इबान लोक रियान. ही सगळी भावंडं. कुणा एकाने ठेवलेलं नाव नाही हे."

देरिसला फळाचं काय, बाजारातही मिळतं. पण ते खांद्यावर घेऊन गावातून चालणं गेलं तर मागे उरतो एक दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा. त्याने कॉफीचा घोट घेतला.

"खापरपणजोबांचा आवाज मोठाच होता," तो म्हणाला. "पार जावापर्यंत गेला म्हणजे."

"मग इबानांना अर्धाच कसा ऐकू आला?"

"मधे समुद्र आहे, आलांग. तू नदीपलीकडून हाक मार, बघू तुझी बायको तरी ओ देते का."

टपरी खदखदून हसली. बाईही हसल्या. "ने लेका," म्हणत आलांगने फळ पुढे ढकललं.

घरी देरिसची बायको तुकिनेम फळ फोडायला बसली. ती मूळची जावाची.

"आमच्या गावी पण एक म्हातारा होता," गर काढता काढता ती म्हणाली. "त्याच्या आज्याच्या पाठीत दुरेन पडलं होतं म्हणे. पहिलं फळ त्यालाच द्यायचे."

देरिसचा घास तोंडातच राहिला. "चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"पहिल्या फळातला पहिला गर तुम्ही मलाच देता. कशाला बोलू?"

देरिसने घास गिळला.

"तुमचा तो म्हातारा थापाड्या असणार."

"असेल हो," तुकिनेम म्हणाली, आणि दुरियानची उष्णता उतरावी म्हणून सालीच्या खळग्यात पाणी ओतून तिने आधी त्याच्यापुढे धरलं.