कुलपातलं नेट

वडील गेले त्या दिवशी चुलत्यांनी सगळ्यांत आधी कोणतं काम केलं असेल, तर वडिलांच्या लोखंडी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. "कार्यक्रम होऊस्तोर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "आन् उघडायचं तवा तिन्ही लेकरं समोर पाहिजेत." थोरल्या भावानं मान हलवली, म्हणून मीही हलवली. त्या कपाटात वडिलांचे कपडे होते, शेताचे कागद होते आणि आमच्या घराचं वाय-फाय होतं. शेवटची गोष्ट त्या घटकेला कुणाच्याच ध्यानात आली नाही.

वाय-फाय कपाटात कशाला, असं कुणीही विचारील. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि किमती वस्तू कुलपात ठेवायच्या हा त्यांचा नियम होता. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं. मोबाइलला रेंज मिळते ती गच्चीवर, तीही एका कोपऱ्यात, बोलण्यापुरती. गावात तारेचं नेट आलं तेव्हा लाइनवाला राउटर बैठकीच्या भिंतीवर ठोकणार होता. वडिलांनी त्याला थांबवलं. उंदीर आहेत, धूळ आहे, आणि ओट्यावर बसून फुकट पिक्चर बघणारे गावकरी आहेत, अशी तीन कारणं त्यांनी दिली. मग वेल्डरला बोलावून बैठकीतल्या कपाटाच्या पाठीला भोक पाडून घेतलं, त्यातून तार आत घेतली आणि वरच्या कप्प्यात घडी घातलेल्या स्वेटरवर राउटर बसवला. रोज सकाळी ते कपाटाचं दार उघडत आणि समोर खुर्ची टाकून पेपर वाचत. झोपायच्या वेळी दार बंद. दिवसभर ते उघडं राही म्हणून रेंज घरभर जात असे. आम्हाला वाटायचं, लाइन चांगली आहे.

आता दार बंद होतं. किल्लीच्या भोकातून आतला हिरवा दिवा तेवढा दिसायचा.

आमच्या बहिणीला हे सगळं फार महागात पडत होतं. ती मस्कतला असते, तिन्ही भावंडांत धाकटी. तिला आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती. वडिलांचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. निदान आईचं तरी दिसावं म्हणून ती रोज दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉल लावायची. आई मागच्या खोलीत बायकांमध्ये बसलेली. आमचं घर लांबोडकं आहे. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मग मागची खोली. बहिणीचा चेहरा यायचा, अर्ध्या उघड्या तोंडानं थिजायचा, "माय, आवाज..." एवढं ऐकू यायचं आणि कॉल तुटायचा. आई त्यानंतरही बराच वेळ काळ्या पडद्याला "हां बाई, हां बाई" म्हणत राहायची.

"गच्चीवरनं साधा फोन लावून देऊ का? आवाज तरी येईल," मी एकदा म्हणालो.

"आवाजाचं काय करू?" आई म्हणाली. "तोंडानं ती बरी हाय, बरी हायच म्हणती. लहानपणापासून लबाड हाय. मला तिचं तोंड बघू दे एकदा."

दुसरं काहीच तिनं मागितलं नाही. बाकी जे घडलं ते आम्हा पुरुषांच्या हुशारीमुळं.

आमच्या घरात आजोबांपासून सुतक पाळत नाहीत. तेरावं नाही, पिंड नाही, केस काढणं नाही. बुद्धवंदना होते, चार माणसं चार शब्द बोलतात, जेवण होतं. वडिलांना याचा अभिमान होता. भुताखेताला त्यांच्या घरात जागा नव्हती. अशा घरात आम्ही चार शिकलेली माणसं एका कपाटाला घाबरून बसलो होतो, आणि हे भूत आमचं आम्हीच तयार केलेलं होतं. मी दार उघडलं असतं तर मी कागद चाळले असं थोरल्याला वाटलं असतं. त्यानं उघडलं असतं तर मलाही तेच वाटलं असतं. दोघंही एकमेकांना म्हणत होतो, "पोरगी नाही ना इथं, तिला काय वाटेल?"

त्यामुळं कपाट सोडून बाकी सगळ्यावर उपाय सुरू झाले. समाचाराला येणारा प्रत्येक माणूस दोन मिनिटं वडिलांबद्दल बोलायचा, मग पासवर्ड विचारायचा, आणि मग रेंज का येत नाही याचं कारण सांगायचा. गेवराईचा मावसभाऊ म्हणाला, "कपाटाच्या मागं स्टीलचं ताट लावा. रेंज आदळून परत फिरती." आम्ही परात लावली. रेंज आदळून बहुतेक रस्त्यावर गेली.

मी बीडला ग्रंथालयात नोकरी करतो. छापील मजकुरावर माझा विश्वास. मी नेकनूरवरून एसटीनं जाऊन बीडहून बूस्टर आणला आणि त्याचं पुस्तक एका बैठकीत वाचून काढलं. बूस्टर निम्म्या वाटेवर ठेवावा, मूळची रेंज जिथं अजून शाबूत आहे तिथं, असं त्यात लिहिलं होतं. आमच्याकडं निम्म्या वाटेवर शाबूत काही नव्हतंच. तरी मी तो मधल्या खोलीत लावला. मागच्या खोलीत फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण भरल्या. बायका कौतुकानं बघायला आल्या. चार वाजता बहिणीचा चेहरा आला आणि पहिल्यापेक्षा लवकर थिजला. काड्या भरलेल्या आणि आत काहीच नाही. भेटायला येणाऱ्यांतही असे काही होते, पण त्यांचं तोंड निदान हलत होतं.

मग मला एक युक्ती सुचली. "तिला व्हिडिओवर घेऊ," मी चुलत्यांना म्हणालो, "आणि तिच्यासमोर कपाट उघडू. तिन्ही लेकरं हजर होतील."

"हे लई बेस," चुलते म्हणाले. "शिकलेलं माणूस घरात असावं."

आम्ही कपाटासमोर रांगेत उभे राहून कॉल लावला. बहीण आली. चुलत्यांनी घसा साफ केला, "हे बघ बाई, तुझ्या समोर..." असं सुरू केलं आणि ती थिजली. तिचं नुसतं कपाळ दिसत होतं. कपाळाची हजेरी चालेल का, यावर थोडी चर्चा झाली. चुलत्यांना ती मान्य नव्हती. ती हजर झाल्याशिवाय कपाट उघडायचं नव्हतं आणि कपाट उघडल्याशिवाय ती हजर होत नव्हती.

शेवटी लाइनवाल्याला बोलावलं. त्यानं कपाटाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"सर, दार उघडा. पत्र्यातून रेंज जात न्हाई."

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं, मी चुलत्यांकडं.

"दुसरं काई सांग," चुलते म्हणाले.

"दुसरं काय सांगू? मंग आख्ख्या कपाटाचंच तोंड करा तिकडं," तो म्हणाला आणि चहा न पिताच गेला.

तो टोमणा मारून गेला होता. आम्ही तो सल्ला समजलो. दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आत आम्ही पाच जणांनी ते कपाट, आतल्या सगळ्या ऐवजासकट, फिरवायला घेतलं. "दमानं बे, फरशी फुटंल," थोरला मावसभावावर ओरडत होता. निम्मं फिरलं आणि आत धाडकन काहीतरी पडलं. आम्ही पाचही जण हात तसेच ठेवून थांबलो. पत्र्याचा डबा असेल, की कागदांची पेटी? कपाटाला कान लावल्यासारखे आमचे चेहरे झाले होते. मग मावसभाऊ किल्लीच्या भोकातून आत बघून म्हणाला, "दिवा गेला."

बैठकीतल्या सगळ्या फोनांवर जेमतेम येणारं नेटही बंद पडलं. समाचाराला आलेली माणसं मान वर करून एकमेकांकडं बघू लागली.

आवाज ऐकून आई बाहेर आली. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच बैठकीत येत होती.

"काय पडलं?"

"काई न्हाई वैनी," चुलते म्हणाले. "नेटचं काम चाललंय."

आईनं तिरकं उभं असलेलं कपाट बघितलं. परात बघितली. कनवटीची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. चुलते "वैनी, पोरगी..." एवढंच म्हणू शकले.

आत वडिलांचे सदरे होते. पिशवीत कागद होते, जिथल्या तिथं. खडूंचा डबा पडून फुटला होता आणि राउटर तारेला लोंबकळत होता, खडूच्या भुकटीनं पांढरा झालेला. दाराच्या आतून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर वडिलांच्या वळणदार अक्षरात पासवर्ड. आम्ही सगळे किंचित पुढं वाकलो होतो. आईनं पदरानं राउटर पुसला, सुटलेली पिन बसवली आणि तो वडिलांच्या खुर्चीवर ठेवला. दिवा लागला.

"आता बाहेर व्हा सगळे," ती म्हणाली.

"वैनी, तुमी आत बसा, आता रेंज येईल तिथं," चुलते म्हणाले.

"कावून? मी इथंच बसती. नेट इथं हाय, तर मी आत कावून बसू? तुमी बसा की ओट्यावर."

घरात लोखंडी कपाट होतं, परात होती, बूस्टर होता आणि ग्रंथपाल होता. पण आईला बैठकीत बोलवावं आणि पुरुषांनी उठावं, हे इतक्या दिवसांत एकालाही सुचलं नव्हतं. आम्ही चपला शोधत बाहेर गेलो आणि उन्हात उभे राहिलो.

चार वाजता फोन वाजला. खिडकीतून मला आईची पाठ दिसत होती आणि तिच्या हातात बहिणीचा चेहरा, हलणारा. आईनं तो आधी नीट न्याहाळून घेतला. मग आई म्हणाली, "रडलीस का न्हाई? रड की." आणि बहिणीचा आवाज सलग, न तुटता, बाहेर ओट्यापर्यंत आला.

थोरल्यानं खिडकीत तोंड घातलं. "माय, नीट दिसायलं का?"

"सरक तिथून," आई मागं न बघता म्हणाली. "उजेड अडवायलास."